वरचा अर्थ

उसाला तुरा येतो म्हणजे काय होतं, ते आधी सांगतो. शहरातल्या वाचकांना ते ठाऊक असायचं कारण नाही, आणि गावातल्या पोरांनाही आता ते सांगावं लागतं. दिवाळीच्या आसपास दिवस लहान व्हायला लागला, की जुन्या उसाच्या शेंड्यातून एक लांब दांडा वर निघतो आणि त्याला रुपेरी, मऊ झुपका फुटतो. लांबून बघितलं तर अख्खा फड चवऱ्या ढाळत उभा आहे असं वाटतं. रस्त्यानं जाणारा गाडी थांबवून फोटो काढतो. ज्याचा ऊस असतो त्याच्या पोटात मात्र गोळा येतो. तुरा आला म्हणजे वाढ संपली. आत जी साखर भरली ती भरली, आता वर काही चढायचं नाही. पुढं काही आठवडे ती टिकते. मग कांड्याला बाजूनं पांगशा फुटतात, आत दशी पडते, कांडं पोकळ होत जातं आणि वजन उतरतं. म्हणून तुरा दिसला की शेतकरी उसाकडं बघत नाही, तोडीच्या टोळीच्या वाटेकडं बघतो.

आता ‘मल्हारी मार्तंड’ या १९६५ सालच्या चित्रपटातली ती उसाच्या फडाची लावणी आठवा. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेली, वसंत पवारांनी चाल दिलेली, सुलोचना चव्हाणांनी गायलेली. शब्द मी इथं देत नाही. मराठी माणसाला ते द्यावे लागत नाहीत. एक बाई दुसरीला सांगते आहे, की तुझ्या फडाला तुरा आलाय, राखण कर, कोल्ह्याची नजर आहे. मग काळीभोर जमीन, नामी बियाणं, पेरापेरात भरलेली साखर, असं एकेक येतं.

याचा छुपा अर्थ काय, असं विचारलं तर पारावरचा कुणीही डोळा मिचकावून सांगेल. ऊस म्हणजे तारुण्य आणि कोल्हे म्हणजे गावातले टवाळ. झाला अर्थ. गेली साठेक वर्षं या लावणीला शिट्ट्या पडतात त्या एवढ्यावरच. तो अर्थ खोटा आहे असं मी म्हणत नाही. माडगूळकरांना तो हवाच होता आणि सुलोचनाबाईंच्या गळ्यातल्या ठसक्याला तो पुरेपूर कळलेला होता. पण तेवढ्यावर थांबलं तर गाण्यातला ऊस वायाच गेला म्हणायचा. त्याच्या जागी आंब्याचा मोहर घातला असता, डाळिंब घातलं असतं, तरी चाललं असतं. कवीनं तुराच का घातला?

कारण तुरा म्हणजे बहर नव्हे. आंब्याला मोहर आला की पुढं फळ आहे, उसाला तुरा आला की पुढं काही नाही. मोहरानं सुरुवात होते, तुऱ्यानं हिशेब सुरू होतो. एवढं एक शेतकी ज्ञान हातात घेऊन लावणी पुन्हा ऐका. ‘जप’ या सांगण्याचा सूरच पालटतो. आज तू सगळ्यांत देखणी दिसतेस, आणि आजपासूनच घट सुरू होणार आहे, असं ती दुसरी बाई सांगते आहे. कोल्ह्याचंही तसंच. कोल्हा फडात शिरतो तो ऊस गोड झाला की. कोवळ्या उसाला तो फारसा तोंड लावत नाही. फड राखायचा तो जन्मभर राखायला नव्हे, तोडीपर्यंत राखायचा असतो. राखण आणि तोड एकाच कामाची दोन टोकं आहेत. हे कळलं की लावणीतल्या चावटपणाखाली एक थंड वारा लागतो.

आणि ‘फड’ हा शब्द घ्या. उसाचा फड, तसाच तमाशाचा फड. तुराही दोन ठिकाणचा. एक उसाचा, दुसरा शाहिरांच्या कलगी-तुऱ्यातला. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला, आणि दोघांचे सवाल-जबाब रात्र-रात्र चालायचे. ज्या माणसानं गावच्या जत्रेत तमाशा बघितला आहे त्याच्या कानाला हे दोन शब्द एकत्र आले की बोर्डावरचा दिवा दिसतो. मग ही बाई कुणाला बजावते आहे? मला वाटतं, तमाशातली एक बाई दुसरीला सांगते आहे. तुझा फड रंगात आलाय, बोलावणी येताहेत, कोल्हेही येताहेत, चार वर्षं आहेत, सांभाळ. तमाशातल्या बाईचं पीक म्हणजे तिचं शरीर आणि तिचा गळा, आणि त्याला तुरा येतो तेव्हा तिकिटं सगळ्यांत जास्त खपतात. विठाबाई नारायणगावकरांएवढ्या मोठ्या कलावंतिणीचीही अखेरची वर्षं ओढगस्तीत गेली. मग ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत त्यांचं काय झालं असेल, हे फडावर ऊस वाळलेला बघणाऱ्यानं ओळखावं.

गंमत अशी की हे लिहिणारा माणूस माणदेशातला. शेटफळ्यात जन्मलेला, माडगूळचा. जिथं प्यायच्या पाण्याची मारामार तिथं ऊस कुठला. आणि गाणारी बाई मुंबईत गिरगावात वाढलेली. दुष्काळी मुलखातल्या माणसानं लिहिलेलं उसाचं हे गाणं आम्हा कृष्णाकाठच्या बागायतदारांना आमचंच वाटतं. पाणी नसलेल्या मुलखातला माणूस दुसऱ्याच्या पिकाकडं जसा टक लावून बघतो, तसं माडगूळकरांनी ऊस बघितला असावा. गीतरामायण लिहिणारा हात हाच, हे विसरू नये. रामायणातसुद्धा त्यांनी झाडं-पाखरं उगाच पेरलेली नाहीत.

आमच्या घरात ही लावणी एका वर्षी बंद झाली होती. आडसाली लागण होती, पावणेदोन एकर. दिवाळीत तुरा आला. कारखान्याच्या चिटबॉयकडं वडील आठवड्यातून दोनदा जायचे. कारखान्याचं नाव घेत नाही. ज्यांचा ऊस तसा उभा राहिला त्यांना आपापल्या कारखान्याचं नाव इथं घालता येईल. आमच्या पुढच्या नंबराचा ऊस गेला, मागच्याचाही गेला. आमची तोड आली मार्च संपताना. एकरी ५० टनांची आशा होती, ३८ भरला. त्या चार महिन्यांत रेडिओवर ती लावणी लागली की वडील न बोलता बटण फिरवायचे. आईला वाटायचं, पोरं समोर आहेत म्हणून. ते कारण नव्हतं. वडिलांना त्या गाण्यात बाई दिसतच नव्हती, नुसता ऊस दिसत होता. आणि मी म्हणतो, त्या वर्षी महाराष्ट्रात ती लावणी सगळ्यांत खरी कुणी ऐकली असेल तर त्यांनी.

गाण्यांचे दडलेले अर्थ सांगणारे आमच्याकडं दोन जातीचे. एक हे डोळा मिचकावणारे. दुसरे बुवा. बुवांच्या हातात कुठलंही गाणं द्या, पाच मिनिटांत त्याचा देह, आत्मा आणि परमात्मा होतो. जातं म्हणजे संसार, खुंटा म्हणजे अहंकार, दळण म्हणजे कर्म. नाथांनी भारुडात अशी रूपकं केली हे खरं, पण नाथांनी विंचू आणला तेव्हा आधी विंचू चावला. तो कसा नांगी मारतो, वेदना कशी चढते, माणूस कसा लोळतो, हे बघितलेल्या माणसाचं ते भारूड आहे. आमच्या बुवांना विंचवाशी काही देणंघेणं नसतं, त्यांना थेट उताऱ्यावर जायचं असतं. या दोन जातींचं भांडण आहे असं वाटतं, पण त्यांचं एका बाबतीत एकमत आहे. वरचा अर्थ म्हणजे साल, ती सोलून टाकायची. माझं म्हणणं असं, की आतला अर्थ ज्या वाटेनं जातो ती वाटच वरच्या अर्थातून आहे. ऊस कळला नाही तर बाई कळत नाही.

याचा सगळ्यांत मोठा दाखला मला माडगूळकरांच्याच दुसऱ्या गाण्यात सापडतो. ‘प्रपंच’ चित्रपटातलं, १९६१ सालचं, सुधीर फडक्यांनी गायलेलं, विठ्ठलाला वेडा कुंभार म्हणणारं गाणं. भजनी मंडळींनी ते इतकं आपलंसं केलंय की सिनेमातलं आहे हे निम्म्यांना माहीत नाही. माती, पाणी, वारा, उजेड यांतून तो मडकी घडवतो, प्रत्येकाचं रूप वेगळं, आणि शेवटी नशीब वेगळं. कुणाच्या वाट्याला लोणी येतं, कुणाच्या वाट्याला विस्तव. ऐकणारा मान डोलावतो, की खरं आहे बाबा, कुणाला सुख, कुणाला दुःख. शाळेच्या पुस्तकातही असंच शिकवतील.

पण कुंभाराच्या आळीत वाढलेल्याला विचारा, विस्तवाचं मडकं कुठलं. एकच असतं. माणूस गेला की तिरडीच्या पुढं थोरला मुलगा हातात धरून चालतो ते. सुतळीच्या शिकाळ्यात अडकवलेलं, आत गोवरीचा निखारा. लोण्याचं मडकंही शिंक्यातच लटकत असतं, माजघरात, मांजराला पोचू नये म्हणून. दोन्ही मडकी दोरीला टांगलेली. एक घरात, एक घराबाहेर पडलेलं. मला नाही वाटत माडगूळकरांनी हे न बघता लिहिलं. सुख आणि दुःख एवढंच म्हणायचं असतं तर गोड आणि कडू म्हटलं असतं.

आमच्या गावचा कुंभार बलुतेदार होता. खळ्यावर येऊन सुगीला आपलं बलुतं घेऊन जायचा. त्याच्या बदल्यात वर्षभर गावाला मडकी. संक्रांतीला सुगडी, नवरात्रात घट, लग्नात बोहल्याची मडकी, उन्हाळ्यात रांजण. आणि कुणी गेलं तर रात्री-अपरात्री त्याचं दार वाजवायचं. तो काही विचारायचा नाही. घरात तयार असलेल्यांतलं एक उचलून द्यायचा. हे मडकं मयताचं म्हणून त्यानं वेगळं केलेलं नसायचं. त्याच चाकावरचं, त्याच आव्यात भाजलेलं, लग्नाच्या मडक्याच्या शेजारी ठेवलेलं. रात्री दार वाजलं नसतं तर त्यात कुणी ताकही घुसळलं असतं. गाण्यातला विठ्ठल वेडा आहे तो या अर्थानं, की कुठलं मडकं कुठं जाणार याचा हिशेब घडवणाऱ्यालाही नाही. त्यानं आतून हात लावून बाहेरून थापटीनं सगळ्यांना सारखंच थापलेलं असतं. हे गाणं दैवावरचं आहे असं म्हणतात. मला ते तक्रारीचं वाटतं. भक्तानं देवापुढं उभं राहून, हात जोडून केलेली तक्रार. तेराव्याच्या रात्री भजनात हे गाणं निघतं तेव्हा म्हातारी माणसं मान डोलवत नाहीत, खाली बघतात. बारा रात्रींमागं कुंभाराकडं जाऊन आलेला कुणीतरी तिथं बसलेला असतो.

‘साधी माणसं’मधल्या ऐरणीच्या गाण्याबद्दलही असंच काही सांगता येईल. १९६५ सालचंच ते. शब्द जगदीश खेबूडकरांचे आणि संगीत आनंदघन या नावानं लता मंगेशकरांचं. ऐरण म्हणजे सोसणारं मन, असा अर्थ सांगतात. पण घिसाड्याच्या पालाबाहेर दहा मिनिटं उभं राहिलात तर दिसतं, की सांडशीनं लोखंड धरून फिरवतो पुरुष, आणि घण घालते बाई. घाव ऐरणीवर पडतो खरा, पण आकार बदलतो लोखंडाचा. ऐरण होती तशी राहते. ऐरणीच्या देवापुढं हात जोडणारी बाई नुसतं सोसायचं बळ मागत नाही. सोसून न बदलण्याचं मागते. असो. त्यावर जास्त लिहीत नाही, गाणं गोड आहे आणि गोड गाण्याला फार खोदू नये.

बायकांच्या गाण्यांकडं वळतो, कारण वरचा अर्थ खरोखर कामाला यायचा तो तिथं. भोंडल्यात, म्हणजे आमच्याकडच्या हादग्यात, कारल्याच्या वेलाचं एक गाणं आहे. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, कारल्याचं बी लाव, मग जा. बी लावलं, तर कोंब येऊ दे. कोंब आला, तर वेल चढू दे. मग फूल, मग कारलं, मग भाजी, मग उष्टं-खरकटं. पोरी हसत हसत फेर धरतात. शाळेच्या गॅदरिंगला आता एक पोरगी पदर खोचून सासू होते, एक डोक्यावर पदर घेऊन सून, आणि पालक व्हिडिओ काढतात. सासू कशी खट, हा त्यातला अर्थ. तो काही दडलेला नाही, उघडाच आहे.

दडलेलं आहे ते कारल्याच्या हिशेबात. कारल्याला बी टोकल्यापासून पहिला तोडा यायला साधारण दोन महिने लागतात. हादगा असतो आश्विनात, हस्ताच्या पावसात. घटस्थापना ते भाऊबीज हा काळ महिन्याभराचा. म्हणजे हादग्यात लावलेलं कारलं ताटात येईतो दिवाळी होऊन गेलेली असते, भाऊबीज सरलेली असते आणि खरिपाची काढणी-मळणी उरकलेली असते. सासूनं ‘नाही’ हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. तिनं सुगीचे दोन महिने सुनेच्या हातून काढून घेतले आणि भाऊ न्यायला येतो तो सणही चुकवला. ज्या बायकांनी हे गाणं रचलं त्यांना परसातलं कारलं किती दिवसांत येतं हे बोटावर माहीत होतं. फेरातल्या प्रत्येक सासुरवाशिणीला ते कळत असणार. पुरुषांना कळत नव्हतं, कारण परसातल्या वेलाकडं बघतो कोण? आणि भाजी कारल्याचीच का, तेही उगाच नाही. कडू आहेच, पण दोडका म्हटलं असतं तर पोरींना हसू आलं नसतं, आणि हसू आलं नसतं तर सासूसमोर हे गाणं म्हणता आलं नसतं.

सगळ्याच गाण्यात असं काही असतं असं मात्र नाही. हादग्याची निम्मी गाणी नुसती फेर लांबवायला असतात. खिरापत ओळखायची घाई नको म्हणून त्यात काहीही येतं, त्यात अर्थ शोधणारा दमेल.

जात्यावरच्या ओव्या हा यातला सगळ्यांत खोल आड. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये त्या जमवल्या, सरोजिनी बाबरांनी जमवल्या, आणि पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. या शेवटच्या कामात ओवी कुणी गायली, कुठल्या गावच्या बाईनं गायली, हेही नोंदलेलं असतं. मला ते फार मोलाचं वाटतं. कारण ओवी कुणाची हे ठाऊक नसेल तर तिचा निम्मा अर्थ तिथंच संपला.

ओव्यांत सगळ्यांत जास्त कौतुक भावाचं. भावाची गाडी, भावाचे बैल, भावाचा पटका, भावानं आणलेलं लुगडं. अभ्यासक त्याला बंधुप्रेम म्हणतात. असेल प्रेम. पण पहाटे चार वाजता, सासरच्या माजघरात, पलीकडं सासू जागी आहे हे ठाऊक असताना, मोठ्यानं भावाच्या गाडीचं वर्णन कशासाठी? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, सासूला उलट बोलायचं नाही, अंगावर हात पडला तरी शेजारी सांगायचं नाही. त्या बाईला एवढंच म्हणता येत होतं, की माझ्यामागं माणूस आहे, त्याच्या दारात दोन बैल आहेत, आणि त्याला या गावची वाट माहीत आहे. मला तर ती वकिलाची नोटीस वाटते. गोड आवाजात, जात्याच्या घरघरीवर, रोज पहाटे बजावलेली.

हे मी हवेतून म्हणत नाही. आमच्या घरी थोरली चुलती होती, तिला सगळे नानी म्हणायचे. आमचं खटलं चौदा माणसांचं, रोज पायलीभर जोंधळं दळायला लागायचं. शेजारची आक्का यायची, दोघी समोरासमोर खुंट्याला हात घालायच्या. मी जात्यामागच्या पोत्यावर निजायचो, थंडीच्या दिवसांत तिथं पिठाची ऊब असते. नानीच्या ओव्यांत भाऊ यायचा. त्याची गाडी यायची, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा असायच्या, ओढ्याच्या उतारावर तो कासरा ओढायचा. इतकं बारीक वर्णन, की ओढ्याचा उतार आला की मला गाडीची खडखड ऐकू यायची. आपल्याला एक मामा आहे आणि तो बैलगाडीतून येतो, अशी आम्हा पोरांची खात्री होती.

तो मामा आला मात्र कधी नाही. भाऊबीजेला घरातल्या बाकी बायकांचे भाऊ यायचे, आणि नानी संध्याकाळी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. भाऊ नसलेल्या बायका तसं करतात, हे मला पुढं मोठेपणी कळलं.

एकदा चुलत्यानं तिच्यावर हात उगारला होता. कारण मला आठवत नाही, भाकरी करपली किंवा वैरण भिजली, असलंच काहीतरी असणार. आजी सोप्यात बसली होती. ती बसल्या जागेवरून एवढंच म्हणाली, “उद्या तिचा भाऊ दारात आला तर त्वांड कुठं लपीवशील?” चुलता थांबला. हात खाली गेला. घरात कुणी हसलं नाही की कुणी म्हणालं नाही, कुठला भाऊ? तिला भाऊ नाही हे त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत होतं.

पुढं गावात पिठाची गिरणी आली. नानीनं दोन वर्षं तक्रार केली, की गिरणीचं पीठ गरम येतं, भाकरी चिरफाळते. मग तीही डबा घेऊन रांगेत उभी राहायला लागली. रांगेत कुणी ओवी म्हणत नाही. बऱ्याच वर्षांनी एका कॉलेजातली मुलगी टेपरेकॉर्डर घेऊन आली, तिनं नानीच्या साताठ ओव्या लिहून घेतल्या. चांगली मुलगी, वळणदार अक्षर. वहीत तिनं वर मथळा दिला होता, ‘बंधुप्रेम’. नानीनं तो मला वाचायला लावला आणि म्हणाली, “आसंच लिवू दे. बरं दिसतंय.”

नानी गेल्यावर मी आक्काकडं एकदा हा विषय काढला. ती तेव्हा ऐंशीच्या पुढं, ऐकायला कमी येत होतं, पण जात्यावरचं सगळं जागेवर होतं.

म्हटलं, “आक्का, नानीला भाऊ नव्हता ना?”

“नव्हता कोण म्हणतंय? पाठचं दोन झालं हुतं, जगलं न्हाईत. जात्यावर हुता की.”

“मग आजीनं त्या दिवशी भावाचं नाव कसं घेतलं? तिला तर सगळं ठाऊक होतं.”

आक्का माझ्याकडं बघत राहिली. शेवटी म्हणाली, “तुजी आजी तरी कुणाची भन हुती? तीबी एकलीच. मी नवी नवरी हुते तवा तिच्या म्होरं बसून दळलंय मी. तिचाबी भाऊ आसाच यायचा, त्याच वड्याच्या उतारावनं. तिचं बैल ढवळं हुतं, हिचं कोसं. गाडी तीच.”